घरावर कर्ज असतानी आपण दुसऱ्याले काऊन द्यायचं? पोरीनं विचारलं, काय सांगू

दिग्रसवाली

नमस्कार सगळ्यांना. थोडं मोठं लिहून राहिले, सांभाळून घ्या.

आमचं गाव दिग्रस तालुक्यात, पाच एकर कोरडवाहू, कपाशी न् तूर, धुऱ्याकडं थोडी ज्वारी. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी चौथीत आणि मुलगा पहिलीत. सासूबाईंचा हात एकदम सढळ. वासुदेव आला, नाथजोगी आला, कोणी नंदीबैल घेऊन आला की सूप घेऊन ह्या बाहेर. सप्त्याची वर्गणी, भंडाऱ्याचं धान्य, कोणाच्या पोरीच्या लग्नात भांडं, सगळं त्यांच्याच हातानं. सासरे शेगावला सेवेकरी म्हणून जातात, तिकडं झाडझूड करतात, पंगतीत वाढतात, एक रुपया घेत नाहीत. म्हणजे घरात वातावरण आहे, नाही असं नाही.

आता झालं असं की मागच्या आठवड्यात सोसायटीच्या कर्जाचं बोलणं ओसरीतच चालू होतं आणि पोरगी तिथंच अभ्यास करत बसली होती, सगळं ऐकलं तिनं. त्याच दिवशी दुपारी एक जण दारात आला, चांगला धट्टाकट्टा, खिशात मोबाईल, आणि आजीनं त्याच्या झोळीत सूप रिकामं केलं. रात्री जेवतानी पोरगी म्हणते, "आपल्यावरच कर्ज आहे तं आजी त्याले काऊन देते? तो तं बाबापेक्षा तगडा आहे, वावरात काऊन नाही जात कामाले?" मिस्टर हसले, म्हणे बरोबर बोलली. सासूबाईंना राग आला, असं बोलल्यानं घरची बरकत जाते म्हणे. आणि मी मधात, दोन्हीकडून.

मुलाचं दुसरंच. तान्ह्या पोळ्याचा बोजारा (लाकडी बैल घेऊन घरोघरी गेल्यावर मिळालेले पैसे) अजून डब्यात ठेवून आहे, रोज मोजतो. कोणाला काही दे म्हटलं, बहिणीला अर्धी जिलबी दे म्हटलं तरी आधी विचारतो "मले काय भेटन?"

तर विचारायचं हे की तुम्ही घरी काय करता. समजावून सांगता का आपोआप येते? पैसा द्यायला लावायचा का धान्य, का वस्तू? आणि पोरीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं, कारण खरं सांगते मलाही तिचं थोडं पटते. यूट्यूबवरचं लेक्चर नको, घरातलं सांगा.

वावरातला_बुढा (वाशीम)

पोरगी हुशार हाये बाई तुमची, तिले दटावू नका. जे लेकरू इचारते तेच पुढं समजून देते.

आमच्या टाइमले खळं राहे. ज्वारीची रास पडली का खळ्यावरूनच वाटे निंघत, सुतार, लोहार, न्हावी, कोतवाल, मंग मांगनारे, भजनवाले, पाखरायच्या नावानं बी पसाभर फेके बाप. त्यानं मले कधी बसवून सांगतलं नाही का बेटा देत जाय. माह्या हातात सूप दे न् म्हने जाय, त्या बुढीच्या पदरात टाक. बस एवढीच शाळा. आता सोयाबीन हार्वेस्टरनं निंघते, थेट ट्रॅक्टरमधी, ट्रॅक्टर बाजार समितीत, पैसा खात्यात न् खात्यातून कर्जात. लेकराच्या डोयासमोरून एक दाना कोनाच्या घरी जातानी दिसत नाही. कापूस तं काही खाले बी देता येत नाही कोनाले. मंग आपुन म्हनतो आताच्या पोट्ट्यायले देनं येत नाही. येईन कसं, पाह्यलंच नाही त्याईनं.

एक गोष्ट अजून बी शिल्लक हाये, सरवा. गहू-हरबरा निंघाल्यावर वावरात जे पडून राह्यते ते येचाले बाया येतात. पह्यले रिवाज होता का त्या येऊन गेल्याबिगर ढोरं सोडाची नाही न् वखर घालाचा नाही. आता दुसऱ्याच दिवशी रोटाव्हेटर फिरते. तुमची तूर निंघाली का पोरीले न्या वावरात, तिले इचारा का बाई सरव्यासाठी किती दिस ठेवाचं सांग. ती जे म्हनन ते बापानं पाळाचं. तिनं आठ दिस म्हनलं न् तुमच्या मिस्टरनं तिसऱ्या दिशी ट्रॅक्टर लावला तं मंग कायचं शिकवनं न् कायचं काय.

न् कर्जाचं. कर्ज हाये तं हाये, लपवाचं कायले. वही घेऊन बसा तिच्यासंग. एवढं सोसायटीचं, एवढं कृषी केंद्राचं, एवढं दवाखान्याचं, न् हे आजीच्या सुपाचं. चौथीतल्या पोरीले बेरीज येते. तिचं तिले दिसन का कर्ज सुपानं नाही झालं, बियान्यानं न् पान्यानं झालं.

रोखठोक_अकोला

माफ करा पण मी सासूबाईच्या नाही, पोरीच्या बाजूनं आहे. धट्ट्याकट्ट्याला कायले द्यायचं? आमच्याकडं तर असे टोळीनं येतात, गाडी गावाबाहेर उभी, दुपारी बायका एकट्या असतात तेव्हाच दार वाजवतात. आणि वर्गणीचं तर बोलूच नका, गणपती, दुर्गा, शिवजयंती, सगळ्याची पावती फाडा आणि तो पैसा डीजेत. हे दान आहे का दंड.

गाडगेबाबा आपल्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातले, शेंडगावचे. तो माणूस काय सांगत फिरला जन्मभर? कर्ज काढून सण करू नका, नवस-बकरं करू नका, हातावर भाकर घेऊन खा पण पोराला शाळेत घाला. आणि स्वतः कुठं जेवायच्या आधी गाव झाडायचा, फुकट नाही खायचा. म्हणजे देणारानंही डोकं वापरायचं आणि घेणारानंही हात चालवायचा. लेकराला देणं शिकवता तर नाही म्हणणंही शिकवा की. आमच्या घरी सरळ नियम आहे, दारावर रोख पैसा नाही, भूक लागली म्हटलं तर बसवून जेवण. नव्वद टक्के निघून जातात जेवण म्हटलं की (टक्केवारी माझी अंदाजाची, भांडू नका).

पवनारकाठ

@रोखठोक तुमच्या म्हणण्यासारखंच विनोबा लहानपणी त्यांच्या आईला म्हणाले होते! त्यांनीच सांगितलेली गोष्ट आहे. दारात धडधाकट भिकारी आला, आईनं भिक्षा घातली, विन्या म्हणे अशाला दिलं तर आळस वाढतो, आणि वर गीतेतला देश-काल-पात्र पाहून दान करावं असा श्लोक पण म्हणून दाखवला. आईचं म्हणणं असं की पात्र-अपात्र ठरवणारे आपण कोण, दारात आला तो देव समजून जमेल तेवढं द्यावं. विनोबा पुढं लिहितात की आईच्या या बोलण्याला उत्तर त्यांना नंतरही सापडलं नाही. म्हणजे दिग्रसवाली ताई, तुमच्या घरात जे भांडण झालं ते जुनंच आहे, आजी न् नात दोघींनाही मोठी माणसं मिळतील बाजू घ्यायला 😄

पण मला वेगळं सांगायचं होतं. आमच्या आजीच्या घरी (सेलूजवळ) स्वयंपाकघरात एक मडकं असायचं, सर्वोदय पात्र. विनोबांचीच कल्पना, भूदानाच्या नंतरची. रोज स्वयंपाकाच्या आधी एक मूठ धान्य त्यात टाकायचं, आणि मूठ कोणाची, तर घरातल्या लहान लेकराची. मोठ्याची नाही. हे मुद्दाम होतं. एक तर लहान मूठ, म्हणून गरिबातल्या गरीब घरालाही जड नाही, आणि दुसरं म्हणजे लेकरू स्वतः जेवायच्या आधी दुसऱ्याचं काढून ठेवते, रोज, न सांगता. ते धान्य पुढं सर्वोदयाच्या, शांतिसेनेच्या कामाला जायचं. आता न्यायला कोणी येत नाही म्हणून आमच्याकडं मडकं बंद पडलं होतं, मी माझ्या मुलींसाठी परत चालू केलं, आणि एकच बदल केला की भरलं की कोणाला द्यायचं ते मुलींनी ठरवायचं. पहिल्यांदा त्यांनी ठरवलं की गल्लीतल्या कबुतरांना!! सासरचे हसले. मी म्हटलं ठीक, कबुतरांना. नंतर आपोआप माणसांवर आल्या, आता त्यांच्या डोक्यात यादीच असते, कोणाकडं म्हातारी एकटी आहे, कोणाच्या घरचा कमावता माणूस बिमार आहे. मला माहीत नसते ते त्यांना माहीत असते, कारण त्या खेळायला सगळ्यांच्या घरात जातात.

मुलाच्या बोजाऱ्यासाठी पण विनोबांचाच हिशोब कामाला येईल. १९५१ ला पोचमपल्लीत पहिली १०० एकर जमीन मिळाल्यावर ते गावोगाव फिरले, आणि मागायचे कसे, तर तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या. सहावा हिस्सा. मुलाला "दे" म्हणू नका, डबा काढून "आपल्या घरात एक पोरगा अजून असता तर त्याचा वाटा किती" असं त्यालाच मोजायला सांगा. मोजायची आवड आहेच त्याला. द्यायचं का नाही ते नंतर त्याचं त्यानं बघावं.

रोखठोक_अकोला

कबुतरं 😂😂 बरं, मडकं चांगलं आहे, ते मान्य. पण देव समजून सगळ्यांना द्या हे मला नाही जमत, विनोबांच्या आईच्या टाइमले गाडी गावाबाहेर उभी नसे.

झेडपीवाले_सर

जिल्हा परिषद शाळेत आहे, मेळघाटाच्या पायथ्याशी. मुलाच्या "मले काय भेटन" वर थोडं.

हे बहुतेक आपणच शिकवलेलं असते. घरात नाही तर शाळेत. चांगलं वागला, चॉकलेट. डबा वाटला, स्टार. २००८ मध्ये जर्मनीत लाइपझिगच्या संशोधकांनी दोन वर्षांच्याही आतल्या लेकरांवर प्रयोग केला होता. मोठ्या माणसाची खाली पडलेली वस्तू ही लेकरं आपणहून उचलून देतात, कोणी न शिकवता. मग काहींना दर वेळी मदत केली की खेळणं मिळालं, काहींना नुसतं शाब्बास, काहींना काहीच नाही. नंतर बक्षीस बंद केल्यावर खेळणंवाल्यांची मदत कमी झाली, बाकीच्यांची चालूच राहिली. म्हणजे मूळचं होतं तेही गेलं. २०१२ ला कॅनडात असंच बघितलं की एवढुशी लेकरं खाऊ घेताना खुश होतात पण देताना जास्त खुश दिसतात, आणि त्यातही स्वतःच्या वाटीतला दिला तर अजून. सापडलेला, दुसऱ्याचा दिला तर तेवढी नाही. म्हणून आईनं पर्समधून दहा रुपये काढून "जा दानपेटीत टाक" म्हणणं, त्यात लेकराचं काही जात नाही आणि त्याला काही येतही नाही.

आपल्याकडं तर घडवलेल्या जागा आहेत की. भुलाबाईच्या गाण्यानंतर पोरी खाऊ ओळखायला लावतात आणि मग सगळ्यांना वाटतात, ज्या घरी गाणी त्या घरचा खाऊ, आळीपाळीनं. कोणाकडं पेढा, कोणाकडं मुरमुरे, कोणी हसत नाही. याच्यापेक्षा चांगला अभ्यासक्रम मी काय बनवणार. फक्त आता मोठ्या आया त्यात घुसल्या आणि रिटर्न गिफ्ट द्यायला लागल्या, तिथं बिघडते.

शाळेत एक करता येते, वाढदिवसाला स्नेहभोजन. पोषण आहारात तशी सोय आहे, गावातल्या कोणालाही सगळ्या पोरांना एखादा गोड पदार्थ किंवा फळ देता येते. केक कापून दहा मित्रांना बोलावण्यापेक्षा सगळ्या शाळेला केळी, आणि तुमचा मुलगा पंगतीत वाढणार. वाढताना कोणी त्याला बक्षीस देत नाही, उलट पोरं "अजून एक दे" म्हणून त्रास देतात, आणि ते त्याला खूप आवडते, बघा करून. एकच काळजी घ्या की हेडमास्तरला सांगून ठेवा, नाव फळ्यावर लिहू नका. नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरा पालक गुलाबजाम आणतो, तिसरा आइस्क्रीम, आणि ज्याच्या घरी काहीच होत नाही त्या लेकराचा वाढदिवस वर्गाला कळतच नाही. हे मी पाहिलेलं आहे.

गरीब_व_होतकरू

सरांनी फळ्याचं काढलं म्हणून लिहितो, नाहीतर मी वाचणाराच माणूस. माझं आयडी पाहून कळलंच असेल कोणत्या बाजूनं बोलतोय. वडील गेले तेव्हा मी सहावीत. त्यानंतर दरवर्षी आमच्या नावाची लाईन लागायची, वह्या, दप्तर, एकदा सायकल. वाटप करणाऱ्यांची नावं घेत नाही, माणसं वाईट नव्हती. पण माईकवरून पुकारायचे "गरीब व होतकरू विद्यार्थी" आणि मग स्टेजवर जाऊन वही धरायची, वही पाहुण्याच्याही हातात आणि आपल्याही, फोटो निघेपर्यंत सोडायची नाही. पाहुण्यांसोबत त्यांची पोरं असायची, माझ्याच वयाची, त्यांच्या हातानं द्यायला लावायचे, संस्कार म्हणून. त्या पोरांना काय संस्कार लागले माहीत नाही. मला मात्र त्यातल्या एकाही पोराशी पुढं दोस्ती करता आली नाही.

उलट गावात एक चप्पलवाला होता. आईनं घासाघीस केली की तो म्हणायचा, वयनी राहू द्या, लिहून ठेवतो, पोरगा कमावता झाला की देईन. कुठं लिहायचा काय माहीत. मी नोकरीला लागल्यावर गेलो पैसे घेऊन, तर म्हणे वही उंदरानं खाल्ली, दुसऱ्या कोणाचं लिहून घे तू आता. मी लिहून घेतो. सध्या दोन पोरं आहेत माझ्या वहीत, त्यांच्या घरच्यांना वाटते उधार आहे.

तर ताई, मुलांना द्यायला शिकवताना घेणाराचं तोंड कसं होते ते पाहायला शिकवा. फाटका शर्ट, सोल निघालेला बूट, अर्ध्या लिहिलेल्या वह्या देत जाऊ नका, "माणुसकीची भिंत" म्हणून शहरात जे टांगलं होतं त्यात निम्मं पोतेरं करायच्या लायकीचं होतं. स्वतःच्या पोराला घालाल तेच द्या. जमलं तर अंधार पडल्यावर द्या. फोटो नाही म्हणजे नाही, स्टेटसला पण नाही.

आमच्या समाजात १४ एप्रिलला हार-फुलांऐवजी वही-पेन आणा म्हणतात, ढीग लागतो, आणि नंतर तो वाटला जातो, कोणाची वही कोणाला गेली कळत नाही. ते मला सगळ्यात भारी वाटते. दीक्षाभूमीला पण तसंच, दसऱ्याच्या टाइमले गावागावातून लोक येतात, नागपूरचे लोक रस्त्याकडेला जेवणाचे स्टॉल लावतात, लेकरं पाण्याचे ग्लास घेऊन उभी असतात. तिथं देणारा न् घेणारा दोघंही एकाच कामाला आलेले असतात म्हणून कोणाची मान खाली जात नाही. मी तिथं जेवलो पण आहे आणि वाढलं पण आहे.

@रोखठोक तुमचं बसवून जेवण देणं चांगलं आहे. फक्त जेवू घालताना कोण खरा भुकेला कोण नाही याचं मार्किंग करू नका पोरांसमोर.

रोखठोक_अकोला

बरोबर आहे भाऊ. टक्केवारी मागं घेतो.

कारंजावाली_आपा

अस्सलामु अलैकुम, नमस्कार. दिग्रसवाली ताई, तुमच्या पोरीनं जो सवाल केला ना, कर्ज असताना काऊन द्यायचं, तो आमच्याकडं पक्का हिशोबातला सवाल आहे.

जकात कशी असते, की साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीएवढं किंवा त्याच्यावर धन एक साल (चांदवालं साल) तुमच्याजवळ राहिलं तर त्याचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, काढायचा. पण डोक्यावर देणं असेल तर आधी ते वजा करतात. वजा करून तेवढं उरलंच नाही तर जकात फर्ज (बंधनकारक) नाही. एवढंच नाही, ज्यांना जकात देता येते त्या आठ किसमच्या लोकांत कर्जात बुडालेला माणूस पण आहे. मागच्या वर्षी दोन्हीकडून नापिकी झाली तेव्हा आमच्या अब्बांनी साफ सांगितलं, औंदा आपल्यावर नाही. घरात सगळ्या लेकरांसमोर, वही उघडून. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, बरं वाटलं, की हे दिखाव्याचं काम नाही, हिशोबाचं आहे. वरती आजोबांनी वहीचं म्हटलं ते एकदम बरोबर.

पण सदका (आपखुशीचं दान) वेगळा. तो कर्जवाला पण करतो. रस्त्यातला काटा उचलला तो पण सदका, कोणाकडं पाहून हसलं तो पण. म्हणजे पोरीला सांगता येईल की बाई, मोठं देणं आपल्यावर औंदा लागू नाही, छोटं कोणालाच माफ नाही.

आणि ईदच्या नमाजच्या आधी फितरा निघतो, घरातल्या एकेका माणसाचा, पाळण्यातल्या लेकराचा पण. का, तर ज्याच्या घरी नाही त्याचीही ईद त्याच दिवशी व्हावी, दुसऱ्या दिवशी नाही. माझी पोरं आपापला फितरा आपल्या हातानं मोजून पाकिटात ठेवतात आणि मग भांडतात की कोणाचं पाकीट आधी जाईन. असं भांडण असलं तर मी सोडवायला जात नाही.

लॅबवाला_चंद्रपूर

धान्य-पैसा सोडून एक. आपल्या विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) किती आहे सगळ्यांना माहीत, त्या लेकरांना रक्त लागते, आणि रक्त पस्तीस ते बेचाळीस दिवसच टिकते, पिशवी साठवून चालत नाही. रक्तदान करताना पोरांना सोबत न्या. अठराच्या आत त्यांना देता येत नाही, पण बाप झोपून देतो, बिस्कीट खातो, घरी येऊन ट्रॅक्टर चालवतो हे पाहिलं की भीती जाते. बापाचं तीन महिन्यांनी परत चालते, आईचं चार. कर्ज किती आहे ते आम्ही विचारत नाही, हिमोग्लोबिन विचारतो 🙂

दिग्रसवाली

सगळ्यांचे आभार, एवढं लिहिलं तुम्ही लोकांनी. सासूबाईंना वाचून दाखवलं, आपांचं त्यांना लई आवडलं. चप्पलवाल्याचं वाचताना मिस्टर उठून बाहेर गेले, त्यांचं पण लहानपणी तसंच झालेलं आहे, बोलत नाहीत कधी.

वही करून बसलो काल. पोरीनंच बेरीज केली. सुपाचं सगळं मिळून किती निघालं ते पाहून ती म्हणे एवढंच? मग म्हणे औषध फवारणीचं एवढं काऊन आहे, ते कमी करा ना. आता बापाची पंचाईत 😄 पण त्या तगड्या माणसाबद्दल तिचं मत बदललं नाही, ती म्हणते आजीनं द्यावं, मी नाही देणार. सासूबाई म्हणाल्या ठीक आहे, तुह्या हातानं नको देऊ. मी पण राहू दिलं.

मुलानं सहाव्याचा हिशोब केला, बरोबर केला, आणि पैसे परत डब्यात ठेवले. वेगळ्या पुडीत ठेवले मात्र. मी काही बोलले नाही, बघू.

मडकं चालू करायचं आहे. दोन अडचणी. एक, आमच्याकडं रेशनचा तांदूळ पडून असतो, आम्ही ज्वारीच जास्त खातो, तर सासूबाई म्हणतात तोच टाका मडक्यात. पटत नाही पण कसं सांगू. दुसरं, पावसाळ्यात किडे लागतील, त्याचं काय करता?

पवनारकाठ

रेशनचा नको. ज्यातून तुमची भाकर होते त्याच कोठीतून मूठ. आधी जेवणारा मग उरलेलं, तसं व्हायला नको. आणि रेशनचा ज्यांना द्याल त्यांनाही माणशी पाच किलो मिळतेच ना फुकट, अंत्योदयवाल्याला तर कार्डावर पस्तीस किलो, त्यांना तांदळाची नाही, दाळीची न् तेलाची नड असते. तुमची तूर आहे घरची, दाळ टाका. सासूबाईंना सांगायचं काम नातीवर सोडा, तुम्ही नका सांगू 😄

वावरातला_बुढा (वाशीम)

किड्यायचं सांगतो. दाना चांगला उन्हात वाळवून मंगच टाकाचा, दमट मुठीनं नाही, लेकराचा हात पुसाचा. लिंबाचा पाला सावलीत वाळवून खाली न् मधामधात टाका, कडू लिंब बरं का, नाही तं टाकसान निंबू. तोंडाले फडकं बांधा. दाळीले किडा लवकर लागते, ज्वारीले सोंडे, म्हनून दोन्ही एकात नका करू, दोन बरन्या करा, एक पोरीची एक पोराची. पावसाळ्यात भरासाठी वाट पाहाची नाही, पंधरा दिसानं अर्धी असली तरी रिकामी करून देऊन टाकाची.

न् तुरीच्या सरव्याचं इसरू नका. शेंगा फुटून खाली पडतात, लई निंघते. तारीख पोरीले इचारून मले बी कळवा.